सुंगन्येमुन: जळून गेलेला दरवाजा आणि त्याला पुन्हा उभं करणारे कागद

सोलला जाणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी क्योंगबोकगुंग राजवाडा गाठतात. माझं आग्रहाचं सांगणं असं, की आधी शहराच्या दक्षिण दरवाजाशी जा. सहाशे वर्षांपूर्वी दक्षिणेकडून येणारे बहुतेक जण याच दरवाजातून राजधानीत शिरायचे. आजही इथून सुरुवात केली की पुढचं सोल, म्हणजे डोंगर, तट, राजवाडे आणि बाजार, एकमेकांना कसं जोडलेलं आहे ते नीट कळतं.

दरवाजाचं अधिकृत नाव सुंगन्येमुन. लोकांच्या तोंडी मात्र नामदेमुन, म्हणजे दक्षिणेचा मोठा दरवाजा. शेजारच्या अफाट बाजाराचं नावही नामदेमुनच असल्यामुळे वाट विचारताना घोळ होतो. दरवाजाच हवा असेल तर ‘सुंगन्येमुन’ म्हणा, नाहीतर कुणीही तुम्हाला कपड्यांच्या आणि चष्म्यांच्या दुकानांकडे पाठवेल.

पोचणं अगदी सोपं. सोल स्टेशनच्या ४ नंबरच्या दारातून बाहेर पडलं की काही मिनिटांच्या चालीवर दरवाजा आहे. मेट्रोच्या ४ नंबरच्या मार्गावरचं ह्वेह्योन स्टेशन घेतलं तर ५ नंबरचं दार. इंचॉन विमानतळाची रेल्वे थेट सोल स्टेशनला येते, त्यामुळे मुक्काम या भागात असेल तर सामान खोलीवर टाकून लगेच निघता येतं. दरवाजा पाहायला पैसे लागत नाहीत. आतल्या अंगणात सकाळी ९ ते संध्याकाळी ६ सोडतात आणि सोमवारी बंद असतं. वेळा ऋतूनुसार किंवा सणावारी बदलू शकतात, म्हणून आदल्या दिवशी फोनवर पाहून घ्या. बाहेरून मात्र कधीही दिसतो, आणि रात्री दिवे लावलेले असतात तेव्हा फारच देखणा दिसतो.

पहिल्या नजरेत दरवाजा लहान वाटतो. भोवती काचेच्या उंच इमारती आहेत आणि चहूबाजूंनी रस्ते. पण हिरवळीवरून चालत कमानीच्या समोर उभं राहिलं की त्याचं वजन जाणवायला लागतं. खाली घडीव ग्रॅनाइटचा भक्कम चौथरा, मधोमध एकच कमान, कमानीत लोखंडी पत्रे ठोकलेली लाकडी दारं. चौथऱ्यावर लाकडाची दोन मजली वास्तू, पाच खण रुंद आणि दोन खण खोल, दोन्ही मजल्यांवर चारी बाजूंना उतरणारं कौलारू छप्पर. आत शिरताना मान वर करायला विसरू नका. कमानीच्या छतावर रंगवलेले ड्रॅगन आहेत.

आता दरवाजाच्या दोन्ही बाजूंना पाहा. पूर्वेकडे नामसान डोंगराच्या दिशेने सुमारे ५३ मीटर आणि पश्चिमेकडे सुमारे १६ मीटर तटाचे तुकडे आहेत. त्यांचे दगड पांढरे, स्वच्छ कडांचे. चौथऱ्याचे दगड काळवंडलेले, कुठे टवके उडालेले, काही ठिकाणी युद्धातल्या गोळ्यांच्या खुणा असलेले. तटाचे हे तुकडे २०१३ साली पूर्ण झाले, चौथरा मात्र जोसन राजवटीच्या सुरुवातीच्या काळातला. जुनं आणि नवं जिथे भिडतं ती रेघ अंगणात उभं राहून सहज दिसते. फोटो काढायच्या आधी दहा मिनिटं ही रेघ शोधण्यात घालवा. या दरवाजाची सगळी कहाणी त्या रेघेवर लिहिलेली आहे.

कहाणी सुरू होते १३९२ साली. यी सोंगग्ये या सेनापतीने कोर्यो राजवट संपवून जोसन राजवट स्थापली. हाच पुढे राजा थेजो म्हणून ओळखला गेला. १३९४ मध्ये त्याने राजधानी हान्यांगला, म्हणजे आजच्या सोलला हलवली. राजवाडा आणि राजघराण्याच्या पूर्वजांचं मंदिर झाल्यावर तटबंदीचं काम १३९६ मध्ये हाती घेतलं. बुगाक, नाकसान, नामसान आणि इनवांग या चार डोंगरांच्या माथ्यावरून फिरणारा हा तट सुमारे १८.६ किलोमीटर लांबीचा. त्यात चार मोठे आणि चार छोटे दरवाजे. दक्षिणेचा हा दरवाजा १३९८ मध्ये पूर्ण झाला. पुढे राजा सेजोंगच्या काळात जमिनीची पातळी उंच करून तो १४४८ मध्ये नव्याने उभारला आणि १४७९ मध्ये पुन्हा मोठी दुरुस्ती झाली.

या तारखा आपल्याला इतक्या नेमक्या ठाऊक आहेत त्याचं कारण मोठं सुरेख आहे. कोरियात इमारतीचं आढं चढवताना त्या प्रसंगाचा लेख लिहून लाकडातच ठेवायची प्रथा होती. कोरियन युद्धात नुकसान झालेला हा दरवाजा १९६१ ते १९६३ मध्ये पूर्ण उतरवून दुरुस्त केला, तेव्हा आढ्याच्या लाकडांवर १३९६, १४४८ आणि १४७९ या तिन्ही कामांचे लेख सापडले. म्हणजे त्या सुतारांनी आपल्या कामाची नोंद छपराच्या पोटात जपून ठेवली होती, आणि ती पाचशे वर्षांनी वाचली गेली.

चार मोठ्या दरवाजांपैकी तिघांची नावं कन्फ्यूशियसच्या शिकवणीतल्या सद्गुणांशी जोडलेली आहेत. पूर्वेला माणुसकी, पश्चिमेला न्याय, दक्षिणेला शिष्टाचार. शहराच्या मध्यावर बोसिनगाकचा घंटाघर, त्याच्या वाट्याला विश्वास. घंटेचा आणि दरवाजांचा रोजचा संबंध होता. रात्री २८ ठोके पडले की दरवाजे बंद व्हायचे आणि पहाटे ३३ ठोके पडले की उघडायचे. जोंगगाक स्टेशनच्या बाहेर हा घंटाघर आजही आहे आणि नववर्षाच्या मध्यरात्री तिथे ३३ ठोके देतात.

दरवाजाच्या माथ्यावरची पाटी नीट बघा. बहुतेक दरवाजांच्या पाट्या आडव्या आहेत, ही मात्र उभी. शहराच्या दक्षिणेला क्वानाकसान नावाचा डोंगर आहे. त्याचा माथा ज्वालांसारखा टोकदार, म्हणून जागेचं शुभ-अशुभ पाहणारे त्याला अग्नीचा डोंगर मानत. तिथून येणारी आग राजवाड्यापर्यंत पोचू नये म्हणून दरवाजाची अक्षरं एकावर एक रचून, वर चढणाऱ्या ज्वाळेच्या रूपात लिहिली, असं परंपरा सांगते. आगीला आगीनेच अडवायचं. अक्षरं सेजोंगचा थोरला भाऊ, राजपुत्र यांगन्योंग याच्या हातची, अशी समजूत आहे.

आणि ज्या दरवाजावर आग अडवण्याची जबाबदारी टाकली होती, तोच जळाला.

त्याआधीचं थोडं सांगायला हवं, कारण आग एका रात्रीत लागली तरी दरवाजा एकटा पडण्याची सुरुवात शंभर वर्षं आधी झाली होती. १९०७ मध्ये जपानी वर्चस्वाखाली वाहतुकीचं कारण देऊन दोन्ही बाजूंचा तट पाडायला सुरुवात झाली आणि दरवाजा रस्त्यांच्या मधोमध बेटासारखा उरला. पश्चिमेचा मोठा दरवाजा, दोनुईमुन, तर १९१५ मध्ये ट्रामच्या रस्त्यासाठी पूर्ण काढून टाकला. त्याची पाटी तेवढी संग्रहालयात राहिली. सुंगन्येमुन मात्र वाचला, १९६२ मध्ये त्याला राष्ट्रीय ठेव्यांमध्ये पहिला क्रमांक मिळाला, आणि शाळेतल्या प्रत्येक मुलाला तो पाठ झाला. ही क्रमांकांची पद्धत २०२१ मध्ये रद्द झाली आहे, पण साठीच्या पुढच्या कुणाशीही बोला, ‘नंबर एक’ म्हटलं की त्यांना हाच दरवाजा आठवतो. २००५ मध्ये भोवती हिरवळ झाली आणि २००६ मध्ये, जवळपास शंभर वर्षांनी, लोकांना कमानीतून चालत जायला मोकळीक मिळाली.

१० फेब्रुवारी २००८ची रात्र. चांद्र नववर्षाच्या सुट्टीचा शेवटचा दिवस. जमिनीच्या मोबदल्यावरून सरकारवर रागावलेला एक वृद्ध रात्री पावणेनऊच्या सुमारास वर चढला आणि त्याने रंगाचं थिनर ओतून आग लावली. बंब लगेच आले. सुरुवातीला आग आटोक्यात आल्यासारखी वाटली. पण या छपराची रचनाच अशी की कौलांखाली मातीचा जाड थर आणि त्याखाली भरावाची लाकडं असतात. पावसाला आत येऊ न देणाऱ्या त्या छपराने बंबांचं पाणीही आत जाऊ दिलं नाही. पाणी कौलांवरून ओघळत राहिलं आणि आतली लाकडं धुमसत राहिली. राष्ट्रीय ठेवा म्हणून छप्पर फोडावं की नाही या विचारात वेळ गेला. मध्यरात्र उलटून दोनच्या सुमारास वरचा मजला कोसळला. सगळा देश हे टीव्हीवर बघत होता. दुसऱ्या दिवसापासून लोक पांढरी शेवंतीची फुलं घेऊन यायला लागले, जमिनीवर डोकं टेकून रडायला लागले.

पुण्याच्या माणसाला इथे शनिवारवाडा आठवल्याशिवाय राहत नाही. १८२८च्या आगीत वाड्याचे लाकडी मजले गेले आणि दगडी जोती उरली. वरचं सगळं कसं होतं हे आज आपण वर्णनांवरून आणि तर्काने सांगतो. सुंगन्येमुनच्या बाबतीत तसं झालं नाही. १९६०च्या दशकात दरवाजा उतरवला तेव्हा प्रत्येक भागाची मोजमापं घेऊन अहवाल तयार झाला होता. आगीच्या काही वर्षं आधी, कधी काही अघटित घडलं तर हाताशी असावं म्हणून, १८२ पानांचा नव्याने मोजलेला नकाशासंचही झाला होता. वरच्या मजल्याचा सुमारे नव्वद टक्के भाग जळाला होता, खालचा मजला बराचसा वाचला होता आणि दगडी चौथरा शाबूत होता. त्यामुळे दरवाजा पुन्हा कसा बांधायचा याचं उत्तर कागदावर तयार होतं.

जागेवरचं काम २०१० मध्ये सुरू झालं आणि ४ मे २०१३ रोजी दरवाजा पुन्हा खुला झाला. शक्य तितकं जुन्या पद्धतीने करायचं असा निश्चय होता. लाकूड मुख्यतः कोरियन पाइनचं. त्यातली काही झाडं पूर्व किनाऱ्याजवळच्या सामचोकमधल्या राजघराण्याच्या पूर्वजांच्या दफनभूमीतून, विधीपूर्वक पूजा करून तोडली होती. सुतारांनी कुऱ्हाडी, वाकस, हातकरवती आणि रंधे वापरले. पाथरवटांनी दगड छिन्नी-हातोडीने फोडले. खिळे आणि लोखंडी सामान घडवायला जागेवरच लोहारशाळा थाटली. बुयो इथे जुन्या धाटणीच्या भट्ट्या बांधून त्यात सुमारे २२,००० कौलं हाताने करून भाजली. छपराकडे लक्षपूर्वक पाहिलं तर कौलांचा रंग एकसारखा नाही, काळ्या-करड्याच्या कितीतरी छटा आहेत. हातच्या कौलांची हीच खूण.

पाटीचीही गंमत ऐका. आगीच्या रात्री अग्निशमन दलाच्या जवानांनी ती खाली उतरवताना निसटली आणि तडकली, पण जळण्यापासून वाचली. राजपुत्र यांगन्योंगच्या स्मारकात तिच्या अक्षरांचा कागदावर घेतलेला जुना ठसा जपून ठेवलेला होता. त्याच्याशी ताडून पाहिल्यावर मधल्या दुरुस्त्यांमध्ये काही अक्षरांचं वळण बदललं होतं हे कळलं आणि ते सुधारून पाटी पुन्हा वर चढवली. इथेही उत्तर कागदावरच मिळालं.

पण सगळंच चांगलं झालं असं मी लिहिणार नाही. लाकडावरच्या रंगकामाला दानचोंग म्हणतात. निळा, तांबडा, पिवळा, पांढरा आणि काळा हे पाच मूळ रंग. खनिज रंगांत प्राण्यांच्या चामड्या-हाडांपासून केलेला सरस घालून ते लावायचे. उघडल्यानंतर काही महिन्यांतच हे रंग पोपडे धरून गळायला लागले. चौकशीत निघालं की ठरलेल्या पारंपरिक मिश्रणात रासायनिक रंग आणि गोंद घातले गेले होते. प्रकरण न्यायालयात गेलं. याचं मूळ मला जास्त महत्त्वाचं वाटतं: गेली कित्येक दशकं देशभर तयार रासायनिक रंगच वापरात होते आणि सरसाचं अचूक प्रमाण सांगणारी कारागिरांची साखळी मध्येच तुटली होती. तुळईची लांबी नकाशात सापडली, पण सरस किती पातळ हवा हे कोणत्याही पानावर नव्हतं. दुर्बीण असेल तर घेऊन जा आणि छपराखालच्या तोड्यांवरची नक्षी, तिच्यातल्या थंड निळसर-हिरव्या छटा आणि झिजलेल्या जागा निरखून पाहा.

त्या तोड्यांबद्दल दोन शब्द. खांबांवर आणि दोन खांबांच्या मधल्या जागेतही एकावर एक आडव्या-उभ्या लाकडांचे गठ्ठे रचून छपराचा भार पेलायचा, ही पद्धत ‘दापो’. सुंगन्येमुनचे तोडे जाडजूड, साधे, वळणाला आखूड. हे ध्यानात ठेवून त्याच दिवशी पूर्व दरवाजाला जा.

पूर्वेचा मोठा दरवाजा हुंगिन्जीमुन. लोकांचा तोंगदेमुन. मेट्रोचं स्टेशन याच नावाचं, १ आणि ४ नंबरच्या मार्गांवर. आजची वास्तू १८६९ची, म्हणजे जोसन राजवटीच्या उतरत्या काळातली. इथले तोडे बारीक, लांब टोकांचे आणि नक्षीने भरलेले. चारशे-पाचशे वर्षांत सुतारकामाची चव कशी बदलली हे दोन दरवाजे एका दिवसात पाहिले तरच कळतं, आणि त्यासाठी तज्ज्ञ असायची गरज नाही. दुसरा फरक बांधणीतला. हा दरवाजा सखल, ओढ्याजवळच्या जागी आहे, म्हणून त्याच्यापुढे अर्धगोल दगडी तट घातला. शत्रूला सरळ दाराशी येता येत नाही, वळून यावं लागतं आणि वळताना तो तिन्ही बाजूंनी माऱ्यात सापडतो. सोलच्या आठ दरवाजांत असा तट याच एका दरवाजाला आहे. आत सहसा सोडत नाहीत, पण भोवतीने फिरलं तरी पुरतं.

रस्ता ओलांडून टेकडीवर चढलं की तटबंदीचं संग्रहालय आहे, विनामूल्य, सोमवारी बंद. तिथे अर्धा-पाऊण तास द्याच, कारण पुढे दगड वाचता येतात. थेजोच्या काळचे दगड ओबडधोबड, जसे मिळाले तसे. सेजोंगने १४२२ मध्ये सगळा तट दगडाचा केला, त्याचे दगड आयताकार पण कडा गोलसर. राजा सुकजोंगच्या काळचे, १७०४ नंतरचे, बऱ्यापैकी चौकोनी. त्यानंतरचे आणखी मोठे आणि काटकोनात घडवलेले. संग्रहालयाशेजारच्या तटात काही दगडांवर कोरलेली अक्षरं दिसतील. बांधकामाच्या सुरुवातीला तटाचे ९७ भाग पाडून ते देशभरच्या प्रांतांना वाटून दिले होते. कोणत्या गावच्या लोकांनी कुठला भाग बांधला, देखरेख कुणाची होती हे दगडावर कोरलेलं असे. तट ढासळला तर जबाबदार कोण हे शोधायला कुठे जायची गरज नव्हती.

पाय साथ देत असतील तर इथून नाकसानच्या तटावरून वर चढा. चढ सौम्य आहे, संध्याकाळी गावातले लोक फिरायला येतात आणि वरून शहर उजळताना दिसतं. उलट दिशेला, सुंगन्येमुनकडून नामसानवर चढायचं असेल तर वाटेतल्या उघड्या ठेवलेल्या तटाच्या पायाजवळ थांबा. वेगवेगळ्या काळातले थर तिथे शेजारी-शेजारी दिसतात, आणि त्याच जागी जपानी काळात बांधलेल्या शिंतो देवळाच्या सभागृहाचे अवशेषही ठेवले आहेत. नामसानची चढण मात्र पायऱ्यांची आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी बस किंवा रोपवे घ्यावा.

खाण्याचं बोलायचं तर नामदेमुन बाजार दरवाजापासून पाच मिनिटांवर. रविवारी बरीच दुकानं बंद असतात. मांसाहार चालत असेल तर माशांच्या तिखट रश्श्याची गल्ली आणि हाताने कापलेल्या नूडल्सची गल्ली चुकवू नका. शाकाहारी लोकांसाठी सरळ सांगते: नूडल्सचा साधा दिसणारा रस्सा सुकवलेल्या माशांचा असतो आणि किमचीतही बहुतेक वेळा मासळीचं पाणी असतं. भाज्या भरलेलं होत्तोक, म्हणजे तळलेली जाडसर पोळी, गरमागरम मिळतं, तरी सारणात काय आहे ते विचारून घ्या. बिबिंबाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, बिनमांसाचा करून देतात. ‘कोगी प्पेजुसेयो’ म्हटलं की मांस नको हे कळतं, पण मासा आणि अंडं त्यात मोडत नाही, ते वेगळं सांगावं लागतं. थेपले, भडंग, चटणीची डबी जवळ असू द्या.

आता सुवोन. एक पूर्ण दिवस काढून तिथे जाच, कारण कागदावरून दरवाजा उभा राहण्याची गोष्ट तिथे जास्त ठसठशीत आहे. सोल स्टेशनहून लांब पल्ल्याच्या गाडीने साधारण अर्धा तास, मेट्रोच्या १ नंबरच्या मार्गाने तासभर. सुवोन स्टेशनबाहेरून फालदालमुनकडे जाणाऱ्या बस सतत सुटतात.

सुवोनचा ह्वासोंग किल्ला राजा जोंगजोने १७९४ ते १७९६ मध्ये बांधला. त्याच्या वडिलांना, युवराज सादोला, आजोबांच्या हुकमाने १७६२ मध्ये तांदळाच्या पेटीत कोंडून मारलं होतं. राजा झाल्यावर जोंगजोने वडिलांची समाधी सुवोनजवळ हलवली आणि तिथे नवं तटबंदीचं शहर वसवलं. आराखड्यामागे जोंग याक-योंग हा विद्वान होता. त्याने कप्प्यांची, म्हणजे वर चार आणि खाली चार अशा आठ चाकांची, वजन उचलायची यारी रचली. वेठबिगारीऐवजी कामगारांना मजुरी दिली गेली. काम दहा वर्षं चालेल असा अंदाज होता, ते तीन वर्षांच्या आत संपलं.

आणि जोंगजोच्या लोकांनी सगळं लिहून ठेवलं. ‘ह्वासोंग सोंगयोक उईग्वे’ हा बांधकामाचा अहवाल १८०१ मध्ये छापला गेला. प्रत्येक इमारतीची चित्रं, यंत्रांचे सुटे भाग, विटा, खिळे आणि त्यांच्या किमती, कुठल्या सुताराने किती दिवस काम केलं आणि त्याला किती पैसे मिळाले, उन्हाळ्यात कामगारांना राजाने कोणतं औषध वाटलं, सगळं त्यात आहे. कोरियन युद्धात उत्तरेचा मुख्य दरवाजा जांगानमुन वरून पार उद्ध्वस्त झाला. १९७०च्या दशकात या ग्रंथावरून तो पुन्हा बांधला. इतकी डागडुजी झालेला किल्ला १९९७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला, त्यात या ग्रंथाचा मोठा वाटा होता. तटावरच्या माथ्याचा सोजांगदे हा लष्करी मंडप तर २००६ मध्ये एका दारुड्याने पेटवला होता. तोही पुन्हा उभा आहे.

फिरण्याचा क्रम असा ठेवा. फालदालमुन या दक्षिण दरवाजापासून सुरुवात करा. हा मूळचा, युद्धातून वाचलेला. त्याच्या दोन्ही बाजूंचा तट रस्त्याने गिळला आहे, पण पुढचा अर्धगोल तट आहे, तो १९७०च्या दशकात पूर्ववत केलेला. तिथून सोजांगदेची चढण सकाळच्या गारव्यात उरका, मग उतरत ह्वासोमुन या पश्चिम दरवाजाला या. तोही मूळचाच आणि माझ्या मते सगळ्यांत देखणा. शेजारचा विटांचा पोकळ टेहळणी बुरूज जरूर पाहा. पुढे जांगानमुन, त्याच्या पुढच्या तटाच्या दारावर पाच भोकं आहेत. शत्रूने दाराला आग लावली तर वरच्या हौदातलं पाणी त्यातून खाली सोडायचं. मग सात कमानींची ह्वाहोंगमुन ही पाण्याची वेस आणि तिच्या वरचा मंडप, जिथे दुपारी डबा सोडायला सावली मिळते. पूर्ण फेरी ५.७ किलोमीटरची. रमतगमत तीन-चार तास लागतात. वाटेत धनुर्विद्येचं मैदान आहे, तिथे पैसे भरून बाण मारता येतात.

काही सुटं सुटं. कोरियात पायी चालण्याच्या वाटा दाखवायला गूगल मॅप फारसा कामाचा नाही. नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप आधीच फोनमध्ये घ्या, दोन्हींत इंग्रजी आहे. टी-मनीचं कार्ड कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं आणि बस, मेट्रो दोन्हीला चालतं. बसमधून उतरतानाही ते टेकवायचं, तरच पुढच्या गाडीला बदलीचा हिशोब लागतो. भारतीय पासपोर्टला व्हिसा लागतो, कागदपत्रांना महिनाभर हाताशी ठेवा. ऑक्टोबर, नोव्हेंबरचा पूर्वार्ध, एप्रिल आणि मे हे महिने तटावर चालायला उत्तम. जूनअखेरपासून जुलैभर पाऊस असतो आणि दगडी पायऱ्या निसरड्या होतात. जानेवारीत तापमान शून्याच्या बरंच खाली जातं, तेव्हा कानटोपी आणि हातमोजे नसतील तर नाकसानवर अर्धा तासही थांबवत नाही.

सुंगन्येमुनला पहारेकऱ्यांचा जुन्या पोशाखातला कार्यक्रम असतो. तो कधी आहे ते त्याच दिवशी जागेवर विचारा. पहारेकरी फोटोसाठी शांत उभे राहतात, फक्त त्यांना हात लावू नका. आणि दरवाजाच्या आतल्या अंगणात २००८च्या आधीचे आणि नंतरचे भाग वेगळे दाखवणारा माहितीफलक दिसला तर तो आधी वाचा, मग पुन्हा एकदा चौथऱ्याच्या त्या रेघेशी जा.